चन्नक्काची भूक

पिंगळीत चन्नक्काच्या खाण्याच्या गोष्टी अजून सांगतात. एका बैठकीला तिनं अठरा पुरणपोळ्या खाल्ल्या, माहेरची शिदोरी ठेसनावरून घरी पोचेपर्यंत संपवली, असल्या. त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. उरलेल्या निम्म्या खऱ्या आहेत, पण सांगणाऱ्यांना त्यांचा अर्थ कधी कळला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मला अर्थ कळला होता, आणि कळूनही मी जे केलं ते कुणी सांगत नाही, कारण ते गावात कुणाला माहीत नाही. म्हणून मीच लिहून ठेवते.

मी तिची धाकटी जाऊ, गौराबाई. तिचं खरं नाव चन्नबसम्मा. तिचा नवरा गुरुसिद्धप्पा म्हणजे माझे थोरले भावजी. ठेसनाच्या वाटेवर आमचं दुकान होतं, गूळ, तेल, मीठ, तंबाखू. निजाम सरकारची गाडी आली की दुकानाच्या तराजूची पारडी हलायची, इतकं ते रुळाला लागून. माझं लग्न सदतीस साली झालं. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे आमच्या घरात विद्वान. चन्नक्का तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. मला बघून तिनं पहिलं वाक्य काय म्हणावं? "बरं झालं बाई बारीक हायेस. दोघी एकदाच सैपाकघरात मावू." आणि स्वतःच हसत सुटली. दुसरे हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही तिची रीत मला पुढं समजली.

आम्ही लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत. अंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावून पूजा करायची, आणि मगच तोंडात काही घालायचं. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण आमच्या सासूबाईंसमोर, म्हणजे अव्वांसमोर, कुणी काढली असती तर त्याला उंबऱ्याबाहेर जेवावं लागलं असतं. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि लिंग हरवलं, फुटलं तर स्वामी येऊन नवं लिंग बांधेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. दुसऱ्याचं लिंग उसनं घेता येत नाही. अव्वांच्या आत्याचं लिंग एकदा नदीत गेलं होतं, ती तीन दिवस तशी बसून राहिली. ही गोष्ट अव्वा वर्षातून चार वेळा तरी सांगत.

आता गंमत बघा. त्या घरात सगळ्यात जास्त भूक चन्नक्काला, आणि सगळ्यात लांब पूजा चन्नक्काची. मी दहा मिनिटांत उठायची, ती पाऊण तास. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लवकर उठले तर म्हणतील, बग, खायाची घाई." भुकेनं जीव कळवळत असताना ही बाई तळहातावरच्या लिंगाकडं बघत बसून राहायची. तिला खादाड म्हणणाऱ्यांपैकी एकानंही हे पाहिलं नव्हतं.

तिला दोन मुलं झाली होती, माझ्या लग्नाआधी. दोन्ही मेलेलीच जन्मली. दोन्ही धिप्पाड, चांगली दोन-तीन महिन्यांच्या लेकरांएवढी. सुईण गावभर सांगत फिरली की आईनं इतकं खाल्लं की पोटात पोराला जागाच उरली नाही. पोरं गुदमरून मेली म्हणे. तेव्हापासून बाया आपसात म्हणत, दोन लेकरं खाऊन बसलीय. चन्नक्काच्या कानावर ते जाईल असं बेतून म्हणत.

एकदा दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. चन्नक्का गुळाच्या ढेपेपाशी बसली होती, पदर तोंडावर ओढून. गूळ खात होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. मला बघून तिनं लपवलं नाही. म्हणाली, "गौरा, पोट भरलंय गं. हे बग, टच्च झालंय. तरी भूक जाईना. ही कुठली भूक म्हणावं?" मी तिच्या हातावरचे मुंगळे झटकले आणि अव्वा येताहेत का बघत दारात उभी राहिले.

बेचाळीसच्या सुमाराला ती वाळायला लागली. आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग तहान सुरू झाली. घागर उशाशी घेऊन निजायची. बायकांच्या मोरीत मुंग्यांची रांग लागायची ती हटायची नाही. पायाच्या अंगठ्याला बाभळीचा काटा मोडला, तो तिला कळलासुद्धा नाही, आणि तिथली जखम चार महिने वाहत राहिली. हकिमाचा मलम झाला, वैद्याच्या पुड्या झाल्या, दृष्ट काढून झाली. शेवटी मीच भावजींच्या मागं लागले आणि आम्ही तिला परभणीला व्यंकटराव डॉक्टरांकडं नेलं. हैदराबादला शिकलेला, चिडखोर, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारा माणूस. त्यानं लघवीचे आठ थेंब निळ्या औषधात टाकून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल.

"मुलं झाली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

भावजी खाली बघायला लागले. मी सांगितलं, दोन, मेलेली. "मोठी होती? फार मोठी?" मी हो म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला. "मग हा रोग तेव्हापासून आहे. मधुमेह. आईच्या रक्तात साखर फार असली की मूल पोटात असं वाढतं आणि असं मरतं. यात बाईंचा काही दोष नाही."

चन्नक्का हे ऐकत होती. मग ती डॉक्टरांना एकदम म्हणाली, "आन् माजी भूक?" आमच्या घरातली बाई परक्या पुरुषाशी असं बोलत नसे, भावजी दचकलेच. पण डॉक्टरांना तो प्रश्न आवडला असावा. त्यांनी सांगितलं ते मला जवळजवळ शब्दाशब्दानं पाठ आहे, कारण पुढं मी ते शंभर वेळा आठवलं. ते म्हणाले, भूक पोटात असते असं लोकांना वाटतं, ती असते डोक्यात. मेंदूच्या अगदी तळाशी बदामाएवढी जागा आहे. तिथं भुकेचा कारभार चालतो. नुकतंच अमेरिकेत कुणी उंदरांच्या मेंदूत त्या जागी बारीक इजा केली तर ते उंदीर खातच सुटले, फुगून दुप्पट झाले. आणि शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सात एकानं सशाच्या मेंदूत मानेकडून सुई टोचली, तर त्याच्या लघवीत साखर उतरली. "म्हणजे साखरेचा लगामसुद्धा थोडा वरूनच धरलेला आहे. अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण एवढं नक्की, की बाई हावरी आहे म्हणून खाते असं म्हणणारा मूर्ख आहे."

चन्नक्का रडली. गुळाच्या ढेपेपाशी रडली होती तशी नाही, मोकळी रडली. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. पिंगळीचं ठेसन आलं तेव्हा म्हणाली, "डोक्यात असती. ऐकलास का? पोटात न्हाईच. डोक्यात." मला तेव्हा आनंद झाला. तिनं त्या वाक्याचं पुढं काय करायचं ठरवलं आहे हे मला कळलं नाही.

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ सुई, आणि सुईनंतर अर्ध्या तासाच्या आत जेवण. सुई टोचायला घरात कोण? पुरुषांनी हात वर केले. मग डॉक्टरांनी मला शिकवलं, वांग्यावर. त्या दिवशी मी दवाखान्यात बसून अर्धा शेर वांग्यांना पाणी टोचलं. हैदराबादहून औषधाची बाटली गाडीनं यायची, ती मी ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवायची. काचेची पिचकारी उकळायची, निळ्या औषधात लघवी तापवायची, रंग बघायचा. सगळं माझ्याकडं. अव्वा म्हणायच्या, "सून आणली का कंपौंडर आणला?" पण बोलण्यात आता थोडा मान होता.

दोन वर्षं फार बरी गेली. अंगठा भरून आला. तिची भूक पुरती गेली नाही, पण ताब्यात आली. ती एक भाकर, वाटीभर वरण आणि पालेभाजी खाऊन उठायची आणि मला डोळा घालायची. डबीतल्या लिंगाएवढंच ती त्या बाटलीला जपायची.

एकदाच गडबड झाली. घरी पाहुणे आले, जेवणाला उशीर झाला, आणि सुई तर मी वेळेवर टोचून बसले होते. चन्नक्काला दरदरून घाम आला. हात थरथरायला लागले. आणि मग ही मऊ बाई अव्वांच्या अंगावर पळी भिरकावून ओरडली, "थेरडे, तूच माजी लेकरं मारलीस!" पाहुण्यांना वाटलं अंगात आलं. मी धावत जाऊन गुळाचं पाणी तिच्या नरड्याखाली उतरवलं. दहा मिनिटांत ती भानावर आली आणि विचारायला लागली, पळी अंगणात कशी गेली. तिला काही आठवत नव्हतं. कळलं तेव्हा तिनं अव्वांचे पाय धरले.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते चांगलेच भडकले. म्हणाले, "शरीरातल्या बाकी सगळ्यांना साखर नसली तरी निभावता येतं. मेंदूला नाही. त्याचं दाणापाणी तेच. औषधानं साखर फार उतरली की मेंदू आधी हाकाटी करतो. घाम, थरथर, छातीत धडधड, भूक. ती हाकाटी ऐकून गूळ दिलात तर ठीक. नाही दिलात तर त्याचं भान सुटतं. शिव्या देईल, रडेल, काहीही मागेल. त्या वेळी त्या बाई त्या नसतात. आणि तरीही नाही दिलात, तर मेंदू मरायला लागतो. मेलेला मेंदू परत येत नाही, समजलं?"

समजलं होतं. घरी येऊन मी ते सगळं चन्नक्काला सांगितलं, जसंच्या तसं. सांगायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण माणूस ऐकतो त्यातलं आपल्याला लागेल तेवढंच उचलतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पंचेचाळीस साल, मार्गशीर्षातली सकाळ. त्या दिवशी तिला तपासणीसाठी परभणीला न्यायचं होतं आणि गाडी लवकरची होती. रोजचा आमचा क्रम ठरलेला: आधी पूजा, मग सुई, मग अर्ध्या तासानं जेवण. एवढा वेळ नव्हता. मी हिशेब केला की सुई आधीच टोचावी. तिची पूजा पाऊण तासाची, ती आज जरा आवरती घेईल, उठल्या उठल्या ताट वाढावं, आणि गाडी गाठावी. मीच तसं सुचवलं. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." मी अठ्ठावीस मात्रा भरून टोचल्या आणि भाकरी थापायला बसले.

तिनं पूजा आवरती घेतली नाही. भूक लागली म्हणून लवकर उठायचं, हे तिला कधी जमलंच नव्हतं. मी दोनदा हाक मारली. तिनं मान हलवली आणि तशीच बसून राहिली. मी तव्यापाशी होते म्हणून तिच्या हाताकडं बघितलं नाही. तो हात थरथरत होता. डॉक्टरांनी सांगितलेली पहिली हाकाटी सुरू झाली होती, आणि त्या हातावर तिचं लिंग होतं.

फरशीवर आवाज झाला. लहानसाच. मी वळले तेव्हा चन्नक्का आपल्या रिकाम्या तळहाताकडं बघत होती आणि खाली लिंगाचे दोन तुकडे पडले होते.

अव्वांनी किंकाळी फोडली. माझे यजमान शिवलिंगप्पा शेताला गेलेले, भावजी दुकानात, ते धावत आले. कुणी कुणाला काही सांगायची गरज नव्हती. परभणीला महालिंगय्या स्वामी राहत, त्यांना घेऊन यायचं, नवं लिंग बांधायचं. भावजींनी तीच गाडी पकडली जी आम्ही पकडणार होतो. मी त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत पळाले. म्हटलं, "आधी डॉक्टरकडं जा. सुई टोचलीय म्हणून सांगा. आधी डॉक्टर, मग स्वामी." ते हो हो म्हणत गेले. परतीची गाडी दोन तासांत होती. तेवढं निभेल असं मी स्वतःला सांगितलं.

घरात आले तर चन्नक्का भिंतीला टेकून शांत बसली होती. कपाळावर घाम होता. मी गुळाचा खडा घेऊन तिच्यापुढं गेले.

"अक्का, सुई अंगात गेलीय. आता खाल्लंच पाहिजे. पाप लागलं तर मला लागू द्या."

"ठेव ते."

"अक्का, डॉक्टर काय म्हणले होते ते—"

"डॉक्टरच म्हणलाय ना, भूक डोक्यात असती म्हणून? डोकं माजंच हाय. आज आवरून दाखवते." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "गौरा, सगळा जलम मला खादाड म्हणलेत. लेकरं खाल्ली म्हणलेत. आज लिंग फुटलं आन् मी गूळ चघळत बसले, तर उद्या काय म्हणतील? म्हणतील, बगा, हिला देव बी दिसंना खान्यापुढं. दोन तासाची तर बात हाय."

हीच तिची चूक. डॉक्टर म्हणाले होते भूक डोक्यात असते, तिनं त्याचा अर्थ घेतला की मन घट्ट केलं तर ती आवरता येते. ज्या वाक्यानं तिची शरम धुतली त्याच वाक्यावर ती जीव टाकून बसली. आणि अव्वा दारात बसून तिला म्हणत होत्या, "शाबास माजे बाई, धीर धर." अव्वाही उपाशीच होत्या, त्यांच्याही डोळ्याला पाणी होतं. त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग चन्नक्कानं माझा हात धरला आणि माझ्याच गळ्यातल्या डबीवर ठेवला. "आन घे. माजं डोकं फिरलं, मी मागायला लागले, तरी देऊ नको. तवा मी नसते. तूच सांगितलास ना?"

मी शपथ घेतली. का घेतली? मी तेवीस वर्षांची होते, माझा हात माझ्या लिंगावर होता, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू जन्मात पहिल्यांदा तिला कुणीतरी मोठं समजणार आहे. एवढंच कारण आहे. याहून चांगलं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं.

तासाभरानं ती बडबडायला लागली. तिला मी तिची आई वाटत होते. घामानं लुगडं अंगाला चिकटलं होतं. मग राग आला. मला, अव्वांना, मेलेल्या सुइणीला, सगळ्यांना शिव्या दिल्या. ताट भिरकावलं. अव्वांनी मला हातानं खुणावलं, राहू दे, काही करू नकोस. गुळाचा खडा माझ्या मुठीत होता. तो घामानं विरघळून बोटांतून गळत होता.

मग राग गेला आणि ती मागायला लागली.

"गौरा, दे गं. थोडा दे."

मी देत नाही असं बघून ती रांगत माझ्यापाशी आली. एवढी मोठी बाई. माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि उघडायला लागली, पण तिच्या बोटांत जोर नव्हता. "भूक लागलीय गं. मला लय भूक लागलीय." आवाज लहान पोरीसारखा झाला होता. मी मूठ आवळून धरली. मी तिला म्हणाले, "अक्का, गाडी येईल आता, स्वामी येतील." तिला गाडी कळत नव्हती, स्वामी कळत नव्हते. तिनं माझ्या मुठीला ओठ लावले आणि बोटांतून गळलेलं चाटायला लागली. मी हात मागं घेतला.

हे मी एक माणूस सोडला तर कुणाला सांगितलेलं नाही. मी हात मागं घेतला.

परतीची गाडी आली आणि गेली. भावजी आले नाहीत. पुढं कळलं, ते आधी स्वामींकडंच गेले. स्वामी कुणाच्या दीक्षेसाठी दुसऱ्या गावाला गेलेले. भावजी टांगा करून त्यांच्या मागं गेले. डॉक्टर त्यांच्या डोक्यातून उतरून गेले होते. त्यांच्या लेखी लिंग फुटणं हे संकट होतं, सुई हे बायकांचं काम होतं.

दुपारी तिचं बोलणं थांबलं. हातपाय ताठ झाले, झटके आले, तोंडाला फेस आला. तेव्हा मी शपथ मोडली. अव्वांना बाजूला ढकललं आणि गुळाचं पाणी तिच्या तोंडात घालायला लागले. दात बसलेले. चमच्यानं उचकटले तरी पाणी गालातून बाहेर यायचं. मी हिरड्यांना गूळ चोळला, जिभेखाली बोट घातलं. थोडं गेलं असेल. शपथ मोडायचीच होती, ती सकाळी मोडली असती तर ती दहा मिनिटांत उठून ताट कुणी फेकलं म्हणून विचारत बसली असती.

उन्हं कलताना स्वामी आले. बेशुद्ध बाईच्या गळ्यात नवं लिंग बांधलं, मंत्र म्हटले, अव्वांनी तोंडात तीर्थ घातलं. डॉक्टर त्यांच्या मागोमाग, शिवलिंगप्पांनी शेतावरून येऊन परस्पर जाऊन आणलेले. डॉक्टरांनी आल्या आल्या तिच्या शिरेत साखरेचं पाणी सोडलं. सगळे वाट बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं चन्नक्कानं डोळे उघडले. अव्वांनी भावजींना मिठीच मारली.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मला कळलं.

ती त्यानंतर अडीच वर्षं जगली. चालायची, भिंतीला धरून. नाव विचारलं तर सांगता यायचं नाही. एकच बोलणं उरलं होतं, "भूक लागली." जेवता जेवता म्हणायची, जेवून हात धुतला की म्हणायची. कुणाच्याही हातचं खायची, वाटेवरच्या माणसाच्या, गाडीतल्या परक्याच्या. आंबोण समोर दिसलं तर गाईचंही. पूजा म्हणजे काय हे गेलं होतं. नवं लिंग ती खाऊ समजून तोंडात घालायची, दोनदा नरड्याशी अडकलं. शेवटी अव्वांनीच ते तिच्या गळ्यातून काढलं आणि आपल्या देवळीत ठेवलं. आमच्या घरात जिला लिंगाविना पाण्याचा घोट मिळाला नसता, ती अडीच वर्षं लिंगाविना जेवली, आणि अव्वा स्वतः तिला भरवत होत्या. कुणी काही बोललं नाही. मग त्या सकाळी कशासाठी, हे मी अव्वांना कधी विचारलं नाही. त्यांचं त्या स्वतःला विचारत असणार.

गावाचं तोंड मात्र गोड झालं. खादाड चन्नक्का म्हणणाऱ्या बाया आता म्हणायला लागल्या, भारी निष्ठेची बाई, लिंगासाठी बुद्धी वाहिली. तिला हवं होतं ते तिला मिळालं. फक्त ऐकायला ती नव्हती.

मी सुई टोचत राहिले, रंग बघत राहिले. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात युनियननं, म्हणजे भारत सरकारनं, निजामाच्या संस्थानाची नाकेबंदी केली आणि हैदराबादहून बाटली येईना. वाळूचं मडकं रिकामं झालं. नळीत पुन्हा विटेचा रंग आला, पायाची जखम फुटली, श्वास खोल खोल चालायला लागला. जाण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ती भूक लागली म्हणत होती. मी देत होते. जे मागेल ते देत होते.

पोलीस ॲक्शन होऊन रस्ते मोकळे झाल्यावर मी उरलेल्या पिचकाऱ्या परत द्यायला परभणीला गेले. डॉक्टर थकले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, शपथ, मूठ, सगळं. हेही विचारलं, "तुम्हीच म्हणाला होता, त्या वेळी बाई त्या नसतात. मग मी नाही दिलं ते बरोबरच ना? जिनं शपथ घातली तीच खरी चन्नक्का ना?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. कधी नव्हे ते हळू बोलले.

"मी तसं म्हणालो होतो, ते तुमच्या घरच्यांनी पळी फेकल्याचा राग धरू नये म्हणून. गौराबाई, मागत होती तीही तीच होती."